बळी पुरला का

टँकरपाशी त्या दिवशी शिवकांताला कुणी शिवी दिली नाही, तेव्हा माझ्या पोटात धस्स झालं. का झालं ते लगेच कळलं नाही. लातूरला जिल्हा करून दिलाय सरकारनं, कचेरीच्या बोर्डावर 'जिल्हा' असं हातभर अक्षर काढलंय, रस्ता रुंद करायचा म्हणून लिंबाची झाडं पाडलीत, पण नळाला तालुक्याइतकंसुद्धा पाणी नाही. म्हणून चर्चच्या आवारात टँकर येतो, आणि आवारातल्या खोल्यांमधल्या बायका पाइपाला अशा झोंबतात की रविवारी ह्याच बायका डोळे मिटून गातात हे सांगितलं तर कुणाला खरं वाटणार नाही. त्या गर्दीत शिवकांता म्हणजे सगळ्यांच्या जिभेची हक्काची जागा. लिंगायताची बाई, निलंग्याकडची, नवऱ्यानं टाकलेली, डाळ मिलमध्ये डाळ निवडणारी, दोन वर्षांमागं आमच्या मंडळीत आलेली. तिची घागर मागं सारायची, ती काही म्हणाली की तिच्या कानडी हेलाची नक्कल करायची, हे रोजचं. मीही केलेली आहे. माझी जास्त हुबेहूब होते. त्या दिवशी भामाबाईनं स्वतःची घागर बाजूला घेतली आणि म्हणाली, "भर बाई, तू भर आधी." ही तीच भामाबाई, जी पाण्यासाठी सख्ख्या जावेच्या मनगटाला चावली होती. तुळजाबाईनं शिवकांताची घागर उचलून तिच्या डोक्यावर दिली. बाकीच्या उगी उभ्या राहिल्या. कुणी कुणाकडं बघितलं नाही. शिवकांता हसली, थंडीत उन्हाला बसल्यावर माणूस हसतं तशी, आणि मी माझ्या पायरीवर उभी होते तिथं भिंत धरली.

मी पाण्याला रांगेत उभी राहत नाही. मला साखराबाई म्हणायची कुणाची हिंमत नाही, सगळे मोठी आई म्हणतात, आणि माझे हंडे आवारातल्या सुना भरून देतात, कारण ह्या मंडळीचा पाळक माझ्या पोटचा आहे. नरसिंग. त्याला मी किनवटच्या बोर्डिंगात घातला तेव्हा तो माझं लुगडं सोडत नव्हता. मी त्याची बोटं एकेक करून सोडवली. तिथून पुढं तो शिकत शिकत इतक्या लांब गेला की परत आला तेव्हा माझ्याशीसुद्धा छापल्यासारखं बोलायला लागला. मला त्याचा अभिमान होता. तो व्यासपीठावर उभा राहिला की मी पहिल्या रांगेत मान ताठ करून बसायची, आणि मागं कुणी खोकलं तरी वळून बघायची. हे सगळं मी पायरीवर उभ्या उभ्या का आठवत होते? टँकर गेला, चिखलावर चिमण्या उतरल्या, घरात येऊन मी ज्वारी निवडायला सूप घेतलं, तरी पोटातलं ते धस्स काही जाईना. कुणी ओरडलं की माणसाला कळतं काय झालं. कुणी ओरडलं नाही म्हणून घाबरायचं, तर कुणाला सांगायचं? सुपात खडा लागला की बोटाला कळतं, डोळ्याला नंतर दिसतो. तसं काहीतरी बोटाला लागलं होतं.

नरसिंग टेबलापाशी रविवारचं लिहीत होता. मी विचारलं, "आज बाया शिवकांताशी लई गोड बोलून राहिल्यात. काय झालंय?" त्याची लेखणी थांबली. "आई, तो मंडळीचा विषय आहे," म्हणाला. मी म्हटलं, मंडळी तुझी आसंल, तू माझा हाईस, सांग. मग त्यानं सांगितलं, आणि सांगताना खिडकीकडं बघत राहिला. गेल्या शुक्रवारच्या उपास-प्रार्थनेत भामाबाई थरथरली, जमिनीवर पडली आणि म्हणाली, आपल्यात एक लपवलेली वस्तू आहे, तिच्यामुळं आभाळ बंद आहे. मग कळलं, शिवकांताच्या पेटीत लिंग आहे.

"कसं कळलं?"

"प्रगट झालं."

"पेटी कुणी उघडली? पवित्र आत्म्यानं?"

त्यानं लेखणी खाली ठेवली. मग म्हणाला, "तुळजाबाईंनी."

"आत्म्याकडं किल्ली नसंल."

"आई, थट्टा नको. पावसाविना तिसरं वर्ष आहे. निम्मी मंडळी पुण्याला गेली मातीकामाला. उरलेली मला विचारते, साहेब, आपली प्रार्थना वर का जात नाही? मी काय सांगू? पंचांनी ठरवलंय. रविवारी प्रभूभोजनाच्या आधी तिला पुढं बोलवायचं, नाव घ्यायचं आणि मंडळीबाहेर काढायचं. खोलीही सोडायला सांगायची. मला काय आनंद आहे का त्यात? पण एकटीमुळं सगळ्यांनी सोसायचं का? एक गेली आणि बाकीचे वाचले, तर ते बरं नाही का?"

मी सूप खाली ठेवलं. मिल बंद पडली होती, तूर पिकलीच नव्हती तर डाळ कुठली. आवारातून काढल्यावर ती बाई जाणार कुठं? निलंग्याला नवऱ्यानं दुसरी केलेली. भाऊ, ही मांगाच्या देवाला गेली म्हणून, मेलीस म्हणाले होते. हे सगळं नरसिंगला ठाऊक होतं. मला तेव्हा नुसती तिची कीव आली असती तर गोष्ट सोपी होती. पण मला ती बाई आवडत नव्हती, आजही नाही. नवी आली तेव्हा माझ्या घरी पाणी पिताना तिनं तांब्या आधी विसळून घेतला होता. सवयीनं घेतला असेल, तिच्या ध्यानातही नसेल. माझ्या ध्यानात आहे. तांब्यावरून फिरणारी तिची ती दोन गोरी बोटं मला अजून दिसतात. तेव्हा नरसिंग बोलला त्यातलं निम्मं मला पटलंसुद्धा. जाऊ दे की, म्हटलं. पण 'एक गेली आणि बाकीचे वाचले' हे कानात अडकून राहिलं. हे मी आधी ऐकलं होतं, कुणाच्या तरी शहाण्या, दमलेल्या आवाजात ऐकलं होतं. कुणाच्या?

दुपारभर मी पडून राहिले. पत्र्याचं छप्पर तापून कडकड वाजत होतं आणि त्या आवाजात हळूहळू हलगी मिसळायला लागली. माझा बाप पोतराज होता. आमच्यातली शिकलेली पोरं आता हे सांगताना खाकरतात. मी खाकरत नाही. कमरेला चिंध्यांचा घागरा, पाठीवर केस, हातात कोरडा, आणि तो कोरडा स्वतःच्याच अंगावर. लोह्याच्या बाजूला आमचं गाव, निजामाचं राज्य. पाऊस गेला किंवा पटकी आली की गाव लक्ष्मीआईला हाल्या सोडायचं. रेडाच तो, आम्ही हाल्या म्हणतो. सोडायचं म्हणजे खरंच मोकळा सोडायचं. एकदा तो ठरला की त्याला कुणी मारत नव्हतं. ओझं नाही, जू नाही, शिवी नाही. तो कुणाच्याही वावरात शिरायचा आणि मालक नुसता बाजूला उभा राहायचा. पाटलीणबाईनं त्याला दारात बोलावून पोळी चारली. आमच्यापुढं ती तुकडा टाकायची तोसुद्धा लांबून. मी लहान होते. कडब्याचं एक ताट त्याच्यापुढं धरलं की तो माझं कपाळ चाटायचा, जीभ अशी खरखरीत की कातडी निघावी. त्याच्या डोळ्यांत मला मी दिसायची. मरतुकडा होता, दोन आठवड्यांत अंगानं भरला, रस्त्याच्या मधोमध चालायला लागला. बाप मला म्हणाला, "त्याच्याशी खेळू नगंस, साखरे. आपुन त्याला आवडतो आसं वाटाया लागलंय त्याला."

मी उठून बसले. पत्रा वाजत होता. तुळजाबाईचे ते दोन हात, घागर उचलून डोक्यावर देणारे.

त्या हाल्याचं पुढं काय झालं ते सांगायला नको. हत्यार बापाच्या हातात होतं, कारण ते काम आमच्याच घराकडं होतं. रक्तात भात कालवून तो शिवेवरनं फिरवला, बापानंच, पहाट होईपर्यंत. मला आठवतं ते दुसऱ्या दिवशीचं गाव. बांधावरून डोकी फुटलेले भाऊ एकमेकांना तंबाखू देत होते. बायका हळू आवाजात बोलत होत्या. सगळ्यांच्या तोंडावर बाळंतिणीसारखी दमलेली, गोड कळा होती. इतकं गोड गाव मी पुन्हा पाहिलं नाही. आणि माझा बाप घराच्या मागं बसून राखेनं हात घासत होता, घासत होता, आणि आई भाकरी घेऊन उभी होती. "देवी घेती, गाव देतंय," तो म्हणाला, "आन हात माजे." पाऊस आला का? आला असेल, नसेल. मला आठवत नाही. गावालाही आठवत नसावं, कारण पुढच्या वर्षी पुन्हा हाल्या सोडला.

मग एक दिवस गुरुलिंग मास्तर नावाचा माणूस मांगवाड्यात आला. बोटं झडलेली होती त्याची, मिशनच्या दवाखान्यात राहून बरा झालेला. तो लिंबाखाली बसून सांगायला लागला आणि लोक नुसतं काहीतरी ऐकायचं म्हणून ऐकत होते. माझा बाप लांब, उकिरड्याच्या कडेला बसला होता. मास्तर म्हणाला, देव बळी गेला. बाप म्हणाला, "देवानं बळी घेतला म्हणा." मास्तर म्हणाला, "न्हाई. गेला." "घेतला न्हाई, गेला?" "गेला." बापानं हे तीनदा म्हणवून घेतलं, बाजारात जनावराचे दात बघावेत तसं. मग विचारलं, "हत्यार कुणाच्या हातात हुतं?" मास्तर म्हणाला, "माणसांच्या. तुज्या माज्यासारख्यांच्या." बाप स्वतःच्या हातांकडं बघत बसला. "म्हंजी हाल्याच्या जागी देव." "हाव." "आन मग आता?" "आता काय लागत न्हाई. कुणाकडनंबी काय लागत न्हाई." न्हावी काही मांगवाड्यात यायचा नाही, आईनं शेरडं कातरायच्या कात्रीनं बापाचे केस कापले. केसांचा ढीग कुत्र्याएवढा पडला होता. दुसऱ्यांना तारण मिळालं, पापांची क्षमा मिळाली, पोरांना शाळा मिळाली. माझ्या बापाला कामावरनं सुट्टी मिळाली. "सुटलो," एवढंच म्हणाला, आणि मी त्याला पहिल्यांदा दिवसाउजेडी झोपलेला पाहिला. गावानं नंतर आमची वाट अडवली, त्याला मारला, तरी तो हाल्यापुढं गेला नाही. नरसिंग हेच तारण पुढं पुस्तकातून शिकला. त्याच्याकडं त्याचे पुष्कळ अर्थ आहेत, वहीत लिहिलेले, आणि खोटा त्यातला एकही नाही. माझ्याकडं एवढाच आहे.

शनिवारी शिवकांता आपणहून माझ्या दारात आली. वाटीत शेवया. "मोठ्या आई, तुळजाक्कांनी दिल्या. मी एकटी किती खाऊ?" ती उंबऱ्यावर टेकली. तोंड उजळलेलं होतं. "आता सगळ्या मला आपली म्हणून राहिल्यात. काल भामाक्कांनी डोक्याला तेल लावून दिलं. मला वाटलं हुतं, ह्या जन्मात न्हाई हुणार." मी तिच्या केसांकडं बघितलं. चापूनचोपून बसवलेले, भांगातनं तेल ओघळलेलं. सांगून टाकावं म्हणून तोंड उघडलं आणि वेगळंच बोलले.

"तुज्या पेटीत लिंग हाय म्हणं."

ती घाबरली नाही. "हाय की. पाळण्यात आसताना आईनं बांधलेलं. बाप्तिस्मा झाला त्या दिवशी गळ्यातनं काढलं."

"पूजतीस?"

"न्हाई हो."

"मग फेकून दे की बाई."

"लिंग फेकत न्हाईत, मोठ्या आई. पाण्यात सोडत्यात. म्या दोनदा निघाले. मांजरेच्या पात्रात गेले तर वाळू. चर्चच्या हिरीत नुसता गाळ. कुठं सोडू, तुमच्या टँकरात?" आणि ती हसली, आणि मीही हसले, आणि हसता हसता थांबले. एका चिमूटभर दगडानं पाऊस अडवलाय म्हणून हे लोक तिला हाकलणार, आणि पाऊस नाही म्हणून तिच्याच्यानं तो दगड सुटत नाही. हे कुणाला सांगायचं? भामाबाईला? भामाबाई लबाडीनं पडली नव्हती, हे मी शपथेवर सांगते. तिच्या पोराचं नुकतंच लग्न झालं होतं, खोली एक, मधे लुगड्याचा पडदा, आणि शिवकांताची खोली तिला भिंतीपलीकडनं रोज दिसत होती. पण पडताना तिच्या डोक्यात खोली नव्हती. पोटात असेल. माझा बाप वारं ओळखायचा. जत्रेत कुणी घुमायला लागलं की म्हणायचा, ह्याला देवीचं न्हाई, हरभऱ्याच्या भाजीचं वारं हाय. कधी मात्र तो गप्प व्हायचा, आणि त्याच्या हातावर काटा यायचा. विचारलं तर म्हणायचा, खऱ्या वाऱ्याचं माणूस दुसऱ्याकडं बोट दावत न्हाई. पण बाप पोतराज होता, आणि हा पवित्र आत्मा. एकाचं माप दुसऱ्याला लावायचं का? नरसिंग म्हणाला असता, लावू नको. शिवकांता शेवयांची वाटी ठेवून गेली. मी त्या खाल्ल्या नाहीत.

रविवारी सकाळी वेणी घालताना मला उपाय सुचला. तिचं नाव घेतलं की मी उठायचं. म्हणायचं, हिच्या जागी मला काढा, दोष माझ्या माथी घाला. प्रभूनं तेच केलं ना? मला सगळं दिसायला लागलं: नरसिंग व्यासपीठावर पांढराफटक, बायका पदर तोंडाला लावून हुंदके देणाऱ्या, मी हातात गाठोडं घेऊन ताठ मानेनं फाटकातून जाणारी. मोठी आई गेली, मोठ्या आईनं जीव ओवाळून टाकला. माझे डोळे भरून आले. तोंडात गोड पाणी सुटलं. आणि त्या गोडाशी माझी बोटं वेणीतच थांबली. ही चव ओळखीची होती. हाल्या पडला त्याच्या दुसऱ्या दिवशीचं ते गोड गाव माझ्या तोंडात होतं. त्या गावाला हाल्या कोण, ह्याच्याशी काय घेणं होतं? काळा नाही मिळाला तर तांबडा. शिवकांता नाही तर साखराबाई. पडलं म्हणजे झालं. आणि तेव्हाच मला तो आवाजही आठवला, शहाणा, दमलेला: प्रभूला धरायच्या आधी तो मोठा याजक बसून असंच म्हणाला होता, एक जण गेला तर सगळी प्रजा वाचेल. वाईट माणूस नव्हता तो. काळजीत होता. त्याच्याही देशात काहीतरी चाललं नव्हतं. मी पुन्हा विचार केला: स्वतःला पुढं करायचं नाही, गाठोडं नाही, कुणीच जायचं नाही, एवढंच म्हणायचं. ह्या वेळी डोळे भरले नाहीत. तोंड कोरडं पडलं, कारण पोटच्या पोराला चारचौघांत खाली बघायला लावायचं होतं. ह्यात माझं काहीच वाढत नव्हतं. देवाचं बोलणं कसं असतं ते मला ठाऊक नाही, मला कधी कुणी हाक मारलेली नाही. मी ते कोरडं तोंड घेऊन चर्चला गेले.

चर्च भरलं होतं. कधी न येणारेसुद्धा आले होते, अंगावर धुतलेले कपडे. पाणी कुठून काढलं कोण जाणे. शिवकांताला बायकांनी पुढच्या रांगेत, माझ्या शेजारी बसवलं होतं. नरसिंगनं उपदेश केला. लपवलेल्या वस्तूचा, तंबूत पुरलेल्या सोन्याचा, एकाच्या पापानं हरलेल्या सैन्याचा. त्याचा आवाज चांगला आहे, पण त्या दिवशी तो मधेमधे पाणी मागत होता. मग म्हणाला, "आज आपल्याला एक दुःखद काम करायचं आहे," आणि सगळ्या चर्चमधून श्वास आत ओढल्याचा आवाज आला. शिवकांतानं माझ्या कानाशी येऊन विचारलं, "कुणी वारलंय का हो?"

मी उभी राहिले. "नरसिंग," म्हटलं, "खाली ये."

"आई, बसून घ्या."

"यिऊ नगंस मग. तिथनंच सांग. एक ईचारते. प्रभू बळी गेला, हे तू दर ऐतवारी सांगतोस. गेला का न्हाई?"

"गेला. पण हा बळीचा विषय नाही, हा शिस्तीचा—"

"शिस्त आसंल. हाल्याला माळ घालत्यात, तीबी शिस्तच आसती. मला एवढंच सांग, त्यो बळी पुरला का न्हाई पुरला?"

मागच्या भिंतीपाशी हणमंतराव बसतात, कानानं अधू, मंडळीतले सगळ्यांत म्हातारे. त्यांना वाटलं प्रश्न सगळ्यांना आहे. मोठ्यानं म्हणाले, "पुरला हुता की, मोठ्या आई! धोंडा लावून पुरला हुता. पन तिसऱ्या दिवशी उठला न्हवं का!" एक पोरगी फिसकन हसली आणि तिला आईनं चिमटा काढला. पण नरसिंग हसला नाही. तो हणमंतरावांकडं बघत राहिला, त्याला कुणी पहिल्यांदाच काही शिकवलं असावं तसा.

"ऐकलंस?" मी म्हटलं. "पुरला आसंल, तर ह्या बाईचं नाव घिऊ नगंस. पुरला नसंल, तर तसं सांग. मग मी माज्या बापाचा कोरडा हुडकून आणते, भामाबाई हलगी धरंल, आन आपुन जाऊ लक्ष्मीआईकडं. ती निदान खोटं बोलत न्हाई. तिला पायजे आसतं, ती पायजे म्हणती."

भामाबाईचं अंग हलायला लागलं. डोळे वर गेले. "आत्म्याला विझवू नका," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. मी तिच्याजवळ गेले आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला. ती तापलेली होती, घामेजलेली होती. मला तिची खोली आठवली, लुगड्याचा पडदा आठवला. "भामा," म्हटलं, "आत्म्याला ईचार, तुजं नाव सांगतोय का. सांगत नसंल तर बस." ती बसली. रडायला लागली, साधं, नाकातोंडातून, आणि कुणी तिच्याकडं गेलं नाही.

मग लोक उठायला लागले. भांडून गेले असते तर बरं वाटलं असतं. पंच आधी गेले, मग पुरुष, मग लेकरं ओढत बायका, त्यांच्यामागं भामाबाई. तुळजाबाई जाताना माझ्याकडं न बघता म्हणाली, "आता पाऊस न्हाई पडला तर तुमच्यामुळं." खरंच असेल, मी म्हटलं मनात. एवढ्या लोकांत एकाचंही तोंड मोकळं झालेलं दिसलं नाही. जे ओझं ते उतरवायला आले होते ते जसंच्या तसं घेऊन निघाले होते, आणि ते मी त्यांच्याकडून काढून घेऊ शकत नव्हते; मला फक्त ते कुणावर टाकू द्यायचं नव्हतं. उद्या पंच पुन्हा बसतील. नरसिंगची बदली मागतील. शिवकांताची खोलीसुद्धा मागतील, ह्या वेळी दुसरं कारण सांगून.

चर्चमध्ये आम्ही तिघं उरलो. शिवकांता तिथंच बसून होती. तिला आता सगळं कळलं होतं. ते तिच्या तोंडावर ओळीनं उतरताना मी पाहिलं. "मला वाटलं म्या तुमच्यातली झाले," ती म्हणाली. रागानं नाही. मग माझ्याकडं वळून म्हणाली, "तुमाला शनवारीच म्हाईत हुतं." "म्हाईत हुतं," मी म्हटलं.

नरसिंग व्यासपीठावरून उतरला. मेजावर प्रभूभोजनाचं ताट तसंच झाकलेलं होतं, शेजारी मनुकांच्या पाण्याचा प्याला. "वाढ," मी म्हटलं. "कुणाला?" तो म्हणाला. "मंडळी कुठं आहे?" मी शिवकांताकडं बघितलं. त्यानं फडकं काढलं. चपातीचे तुकडे कडेनं वाळून वर वळले होते. ताट घेऊन तो शिवकांतासमोर उभा राहिला आणि त्याच्या छापील भाषेत सुरू झाला, "हे शरीर—"

"कुणाचं?"

तो थांबला.

"कुणाचं म्हणालात, साहेब? नीट सांगा. मघाधरनं हितं बसून राहिले, मला कायबी कळंना झालंय. हे अंग कुणाचं?"

"प्रभूचं."

"माजं न्हाई न्हवं?"

किनवटला गेल्यापासून ह्या पोरानं घरची बोली तोंडात घेतली नव्हती, त्याचा बाप वारला तेव्हासुद्धा रडला तो पुस्तकी रडला. आता त्याचा ओठ लहान असताना मुडपायचा तसा मुडपला. "न्हाई बाई," तो म्हणाला. "तुजं न्हाई. तुजं कुणालाच लागत न्हाई."

तिनं एक तुकडा उचलला. बघितला. तोंडात घालून बराच वेळ चावत राहिली, कोरडा होता. मग दुसऱ्याकडं हात गेला आणि मधेच थांबला. "आणिक घिऊ का?" तिनं हळूच विचारलं. "मिल बंद झाल्यापासनं पोटभर न्हाई."

प्रभूभोजनात असं कुणी विचारत नाही. नरसिंगनं माझ्याकडं बघितलं नाही. ताट तिच्या मांडीवर ठेवलं, आणि तिच्या पायापाशी फरशीवर बसला.